प्रिंटर जोडायचा मान

चौथीत मी दोनदा बसलो. तिसऱ्यांदा बसायला गेलो तर मास्तर म्हणले, बाकं कमी हाईत. तवापासनं मराठी मी अक्षराला अक्षर लावून वाचतो, आन् एसटीची पाटी वाचून होईस्तवर एसटी निघून जाती. इंग्रजीचं तर इचारूच नका. असा मी माणूस, आन् चार वर्सं आमच्या हापिसातल्या समद्या कॉम्प्युटरची किल्ली माज्याजवळ हुती. ती माज्याकडं कशी आली आन् कशी गेली ते सांगतो. गेली ते बरं झालं, हे आदीच सांगून ठेवतो, मंजी कुणी हळहळायला नको.

इस्लामपूरला आमचं माती तपासायचं केंद्र हाय. शेतकरी पिशवीतनं रानातली माती आणतो. आमी ती तपासून त्याला कागद देतो, की बाबा तुज्या मातीत अमुक कमी हाय, उसाला हे खत एवढं टाक, ते खत अजिबात टाकू नको. मी तितला शिपाई. माती वाळत घालायची, खडं काढायचं, चाळायची, डब्यात भरायची, डब्यावर नंबर घालायचा. हे काम मला झकास येतं, कारण मातीला शाळेचा दाखला लागत न्हाई.

आमचं मेन हापिस साताऱ्याला. समद्या शाखांचे कॉम्प्युटर तितनं एकच माणूस बघतो. फौजेतनं रिटायर झालेला हवालदार. साताऱ्यात दगड मारला तर रिटायर फौजीलाच लागतो, पण हा माणूस रिटायर झालाय हे त्याला स्वतःला कुणी सांगितलेलं नसावं. फोन उचलला की आदी स्वतःचं नाव सांगणार, मग वेळ सांगणार, मग म्हणणार, "बोल."

झालं असं, की आमच्या एका क्लार्कनं कुठनं तरी पत्त्याचा खेळ कॉम्प्युटरमदी उतरवून घेतला. त्याच्याबरूबर काय घाण आत आली कुणास ठावं, चार दिवस समद्या मशिनी बंद. हवालदारसाहेब साताऱ्यासनं आले. कुणाला शिव्या दिल्या न्हाईत, नुसतं बघितलं. ते बघणं शिव्यांपेक्षा वाईट हुतं. मग त्यांनी समद्यांची परवानगी काढून घेतली. म्हणले, "जेवडं काम हाय तेवडं करा. मशिनीत नवीन काय बी घालायचं झालं, तर मशीन पासवर्ड मागंल."

नवीन काय बी मंजी प्रिंटरबी. मला वाटायचं प्रिंटर नुसता वायरनं जोडला की झालं. तसं न्हाई. प्रत्येक प्रिंटरचं आपलं आपलं एक सॉफ्टवेअर असतं, ते मशिनीच्या आतड्यात जाऊन बसतं, आन् त्याच वाटंनं घाणबी आत शिरू शकती. म्हणून पासवर्ड. आन् आमच्या हापिसात तर प्रिंटर टिकतच न्हाई. दिवसभर मातीची धूळ उडती, ती त्याच्यात जाती. आज हा प्रिंटर बिघडला, उद्या तो आणला, परवा शेजारच्या सोसायटीचा उसना आणला. नेटची अशी तऱ्हा, की साताऱ्यात बसून काय करावं म्हणलं तर मधीच तुटायचं. दर बारीला हवालदारसाहेब एसटीनं येणार, पासवर्ड टाकणार, परत जाणार. तिसऱ्यांदा आले तवा वैतागून म्हणले, "मी किल्ली एकाजवळ ठेवून जातो. तुमच्यात समद्यात कमी शिकलेला कोण?"

समद्यांनी माज्याकडं बोट केलं. मॅनेजरसाहेबांनी तर दोन्ही हातांनी केलं.

"बरोबर," हवालदारसाहेब म्हणले. "काय दाबलं तेच ह्याला कळणार न्हाई, तर दुसऱ्याला सांगणार काय?"

कमी शिकल्याबद्दल मला मिळालेला तो पैला मान.

आता मला शिकवायचं कसं. इंग्रजी अक्षर मला एक बी येत न्हाई. मग त्यांनी कीबोर्ड म्होरं ठेवला आन् म्हणले, "हे बग गड्या, हे रान समज. ह्या सऱ्या. सरीत ही रोपं. आता मी सांगतो त्या सरीतलं तेवड्या नंबरचं रोप दाबायचं."

मी म्हणलं, "साहेब, आमच्या रानात पायवाट उजवीकडनं हाय. मी उजव्या बांधाकडनंच मोजतो."

"मोज बाबा, कुठनंबी मोज."

दीड दिवसात पाठ झालं. वरनं दुसरी सरी, उजव्या बांधाकडनं इतकवं रोप, मग खालची सरी, इतकवं रोप. असं दहा रोपांचं रान मी डोळं झाकून फिरायचो.

हवालदारसाहेबांचा एक नियम हुता. फौजेत बंदुका ठेवायची खोली असती, तिला कोत म्हणत्यात. तिची किल्ली एकाजवळच, आन् कुलूप उघडताना बाकीच्यांनी तिकडं बघायचं न्हाई. तसं मी पासवर्ड टाकताना समद्यांनी तोंडं फिरवायची. एवढंच त्यांचं म्हणणं. बाकीचं मी वाढवलं. आदी चहा. मग खुर्ची पुसून घ्यायची. मला चष्मा लागत न्हाई, पण त्या कामापुरता मी बाजारातनं एक घेतला. तो घातला की उलट कमी दिसायचं, म्हणून मी तो नाकावर खाली घेऊन वरनं बघायचो. मग म्हणायचो, "चला, तोंडं फिरवा." आन् शिकली-सवरलेली सात माणसं, मॅनेजर धरून, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत उभी ऱ्हायची. मी एका बोटानं रोपं मोजत बसायचो. खरं सांगायचं तर पाठ झाल्यावर काम अर्ध्या मिनिटाचं हुतं. मी पाच मिनिटं लावायचो.

घरी बायकोला सांगितलं, "माज्याबिगर हापिसात एक कागद निघत न्हाई."

ती म्हणली, "घरातबी असं काय तरी काढा की तुमच्याबिगर अडंल."

गेल्या वर्सी आमच्याकडं एक ताई आली. आटपाडीकडची. तिची माणसं मूळची मेंढरं राखणारी, बापानं आता थोडी डाळिंबं लावलीत, पण आठ-दहा मेंढरं हाईतच. घरात नोकरी अशी तीच पैली. शेतीचं शिकून आली आन् सहा म्हैन्यांच्या बोलीवर लागली. सहा म्हैन्यांत काम पसंत पडलं तर कायम, न्हाई तर घरी. घरी मंजी नुसतं घरी न्हाई. ती मला एकदा माती चाळता चाळता म्हणली, "मामा, ही नोकरी ऱ्हायली न्हाई तर दिवाळीनंतर माझं लगीन लावून देणार. ठरलंच हाय त्यांचं. कायम झाले तर मला इचारून लावतील." मला ती पैल्या दिवसापासनं मामा म्हणायची.

पैल्याच आठवड्यात प्रिंटर बदलला. मी चहा घेतला, खुर्ची पुसली, चष्मा घातला, म्हणलं, "तोंडं फिरवा." समदी फिरली. तीबी फिरली, पण कॅलेंडरकडं बघत म्हणली, "हे नेहमीच असं असतं व्हय?"

"नेहमीच," क्लार्क म्हणला. "मागच्या बारीला मामांना मधीच शिंक आली, तर पैल्यापासनं मोजलं."

ताईनं दोन दिवसांनी साताऱ्याला अर्ज लिहिला. छापून झाल्यावर मलाच वाचून दाखवला, कारण पाकीट मीच टाकणार हुतो. त्यात लिहिलं हुतं, की बाकी कुठलीबी परवानगी नको, फक्त ठरलेले प्रिंटर जोडायची मुभा साध्या कर्मचाऱ्याला द्यावी, मंजी शिबिराला गावात गेल्यावर अडणार न्हाई. चांगलं लिहिलं हुतं. मी म्हणलं, "छान," आन् पाकीट चिकटवलं. तिथनं पोस्टापतूर चालत जाताना मला एकच दिसत हुतं, की समदी माणसं माज्याकडं तोंड करून बसल्यात आन् कुणीच फिरत न्हाई.

चार दिवसांनी हवालदारसाहेबांचा फोन. नाव सांगितलं, वेळ सांगितली, आन् म्हणले, "गड्या, तिथं असा अर्ज आलाय. तू शाखेत जुना. माणसं आपलं आपण प्रिंटर जोडतील काय? भरवसा हाय?"

मी माती वाळवायच्या शेडमागं गेलो. म्हणलं, "साहेब, समदी लेकरं हाईत. परवा एकानं माऊस उलटा धरला हुता."

"आन् ही अर्ज करणारी?"

"ती लय घाई करती साहेब. तिच्याच्यानं न्हाई व्हायचं."

"बरं," म्हणले, आन् फोन ठेवला.

एवढं सोपं हुतं. मला वाटलं, चार वाक्यांत किल्ली वाचली.

मग ताईनं शिबिर ठरवलं. आटपाडीकडंच, तिच्या गावाशेजारच्या गावात. पंधरा दिवस आदी स्वतः फिरून चव्वेचाळीस जणांची माती गोळा केली, तपासली, आकडे लॅपटॉपात घातले. आता गावात बसून एकेकाला इचारायचं, ह्या वर्सी काय लावणार, डाळिंब का बाजरी का आणि काय, आन् त्याप्रमाणं खताचा कागद तिथंच छापून, शिक्का मारून हातात द्यायचा. तिची स्वतःची भावकी, बाप, गावाची माणसं समदी तिथं येणार हुती. सहा म्हैन्यांतलं मोठं काम ते. मॅनेजरसाहेब म्हणले हुते, "ह्यावरच शेरा लिहीन."

जीप भरायचं काम माज्याकडं. प्रिंटर मी आदी ठेवला. मग म्हणलं, हालायला नको, म्हणून त्याच्यावर गावात दाखवायला घेतलेल्या मातीच्या दोन पिशव्या ठेवल्या. गावात पोचून पिशव्या उचलल्या तर एक फाटलेली. प्रिंटरच्या तोंडात पावशेर तरी माती. ताईनं वायर लावून बघितली, तर आतनं जात्यागत आवाज आला आन् बंद.

शाळेच्या पडवीत माणसं बसलेली. हेडमास्तर चांगला माणूस. म्हणले, "आमचा प्रिंटर घ्या की." आणून दिला. ताईनं लॅपटॉपला जोडला, आन् मशीननं पासवर्ड मागितला.

ताई माज्याकडं बघून म्हणली, "मामा, आता तुमीच."

मी चष्मा काढला, पुसला, घातला. आन् त्या चव्वेचाळीस माणसांना म्हणलं, "मंडळी, जरा तोंडं फिरवा."

कुणाला काय कळंना. एक म्हातारा म्हणला, "का रं बाबा, कापडं बदलायचीत काय?"

"सरकारी काम हाय," मी म्हणलं. आमचं हापिस सरकारी न्हाई. पण फिरली बिचारी. लाल पटकं, पांढऱ्या टोप्या, समदी भिंतीकडं. ताईचा बाप पैल्या रांगेत हुता, तोबी फिरला.

मी सऱ्या मोजल्या, रोपं दाबली. चूक. परत मोजली. चूक. हापिसात कवा चुकलो न्हाई. तिसऱ्यांदा मोठ्यानं मोजायला लागलो, तर ताई म्हणली, "मामा, मनात." पाचव्यांदा चुकलं आन् मशीननं कुलूपच घातलं. आता अर्धा तास काय बी चालणार न्हाई. अर्ध्या तासानं परत पाच डाव, परत कुलूप. फोनला रेंज न्हाई. तिथनं साताऱ्याला बोलायचं तर टेकडीवर जावं लागतं; मी गेलो, तर हवालदारसाहेब सुट्टीवर.

काय झालं हुतं ते ताईनंच वळखलं. पासवर्ड न इचारता, नुसतं माज्या बोटाकडं बघून. म्हणली, "मामा, तुमी उजवीकडनं मोजताय. हापिसातल्या कीबोर्डाला उजव्या अंगाला आकड्यांचा वेगळा पट्टा हाय. लॅपटॉपला तो न्हाईच."

मंजी माज्या रानाचा उजवा बांध चार हात आत सरकला हुता, आन् मी दुसऱ्याच्याच रानातली रोपं दाबत हुतो. मी म्हणलं, मग तेवढी वजा करून मोजतो. पण तो पट्टा किती रोपांचा हुता ते काय आठवंना. चार वर्सं त्याच्यावरनं बोट फिरवलं, मोजलं कवाच न्हाई वेगळं. परत चुकलो.

मग ताईनं वही घेतली. एकेकाला जवळ बसवून हातानं कागद लिहायला लागली. चव्वेचाळीस कागद. दुपारचं जेवली न्हाई. उन्हं उतरंस्तवर लिहीत हुती, बोटाला पेनाचा घट्टा पडला. तिचा बाप माज्या शेजारी येऊन बसला, तंबाखू मळत. म्हणला, "पोरीचं अक्षर चांगलं हाय, व्हय?"

"लय चांगलं हाय," मी म्हणलं.

"आमी म्हणलं मशीन करती समदं. पण आमची पोरगी हातानंच करती." त्याला वाटत हुतं, हेच काम, आन् पोरगी ते झकास करती. मला तिथनं उठून कुठं जावं कळंना.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी ताईला बोलावलं. मी दाराशी हुतो. म्हणले, "हातानं लिहिलेला कागद मी साताऱ्याला कसा दाखवू? छापील न्हाई तर शिक्काबी चालत न्हाई. असं करा, म्हैना संपायच्या आत तिथंच परत शिबिर घ्या. ते नीट झालं तर मी चांगला शेरा लिहितो. न्हाई झालं तर मलाबी लिहिता येणार न्हाई. प्रिंटर बिघडला कसा?"

"रस्त्यानं धूळ लय हुती, सर," ताई म्हणली.

पिशव्यांचं नाव काढलं न्हाई. माजं नाव काढलं न्हाई. मी तिथनं शेडात गेलो आन् चष्मा डब्यात टाकला. डबा झाकला.

मग एक शहाणपणाचं काम केलं. जन्मात केलेल्यांपैकी दुसरं. पैलं कुठलं ते अजून सापडलं न्हाई. शाळेच्या हेडमास्तरांना फोन केला. म्हणलं, तुमच्या प्रिंटरच्या पाटीचा फोटो धाडा. त्यांनी त्यांचा धाडला, आन् भला माणूस, शेजारच्या दोन शाळांचा आन् ग्रामपंचायतीचाबी मागवून धाडला. ते फोटो घेऊन मी रजा टाकली आन् कराडवरनं एसटी बदलून साताऱ्याला गेलो.

हवालदारसाहेबांच्या खोलीत वायरीसुद्धा सावधानमदी उभ्या असत्यात. मी दारातच उभा ऱ्हायलो.

"बोल."

"साहेब, मी फोनवर खोटं बोललो."

"कुठल्या फोनवर? तुजे फोन लय झाले."

"त्या अर्जाच्या. माऊस उलटा कुणी धरला न्हाई."

"मंजी?"

"मंजी धरला, पण मी धरला."

"ते मला तवाच कळलं हुतं," ते म्हणले. "आन् त्या पोरीचं?"

"ते खोटं साहेब. घाई तिला ठावं न्हाई. मशीन तिला समद्या हापिसात जास्ती कळती." मग समदं सांगितलं. पिशव्या, सऱ्या, टेकडी, तिचा बाप, म्हैनाअखेर. मधी त्यांनी एकदाबी अडवलं न्हाई.

"खोटं का बोललास?"

मी म्हणलं, "साहेब, माणसं तोंड फिरवून उभी ऱ्हात्यात. मला बरं वाटतं."

त्यांनी टेबलावरची वायर गुंडाळून ठेवली. मग म्हणले, "मी आठ वर्सं कोतची किल्ली सांभाळली. रिटायर व्हायच्या दिवशी सही करून दिली. दुसऱ्या दिवशी घरी उठलो आन् पैला हात कमरेला गेला, किल्ली बघायला. बायको हसली. आठ दिवस तिच्याशी बोललो न्हाई." मग म्हणले, "पण गड्या, बंदूक आन् प्रिंटर एकाच खोलीत ठेवला, ही चूक माजी."

मग त्यांनी सांगितलं ते मला जसं कळलं तसं सांगतो. किल्ली कुणालाच द्यायची न्हाई. मशीनलाच एक यादी द्यायची. यादीत ठरलेल्या प्रिंटरांची नावं, आन् त्यांचं तपासलेलं सॉफ्टवेअर आदीच मशिनीत ठेवून द्यायचं. यादीतला प्रिंटर कुणीबी जोडू दे, मशीन घेईल, गावात रेंज नसली तरी घेईल. यादीत नसंल तर मशीन म्हणंल न्हाई. आन् बाकी समदी दारं हुती तशीच बंद, पत्त्याचा खेळ काय आत येत न्हाई.

मी म्हणलं, "मंजी कारखान्याच्या गेटावरच्या वॉचमनगत. नंबर यादीत असला की ट्रॅक्टर आत, मग चालवणारा कोण का असंना."

"तुला कळलं मंजी आता कुणालाबी कळंल," ते म्हणले. "पण आटपाडीकडच्या शाळांत कुठले प्रिंटर हाईत ते मला कसं कळायचं?"

मी फोन म्होरं केला. चार फोटो बघून हवालदारसाहेबांनी पैल्यांदाच माज्याकडं माणसागत बघितलं. दोन प्रिंटर एकाच जातीचे निघाले, मंजी तीन नावं. ती त्यांनी माज्यासमोर यादीत घातली.

"उद्या सकाळी समद्या शाखांत जाईल. आन् तुजा पासवर्ड आजपासनं बंद. आता ज्या बांधाकडनं मोजायचं त्या बांधाकडनं मोज." मी निघालो तर मागनं म्हणले, "त्या पोरीला तू स्वतः सांगायचं. हुकूम हाय."

परतीच्या एसटीत कराडपतूर वाक्यं जुळवली. दुसऱ्या दिवशी ताई शेडात डब्यावर नंबर घालत हुती. मी म्हणलं, "ताई, तुमचा अर्ज नामंजूर झाला तो माज्यामुळं."

"ठावं हाय मला," ती म्हणली. मान वर केली न्हाई.

"कसं?"

"साताऱ्यासनं उत्तर आलं हुतं. 'शाखेतील जुन्या कर्मचाऱ्याच्या मतानुसार.' मामा, शाखेत तुमच्यापेक्षा जुनं दुसरं काय हाय? त्यो कोपऱ्यातला पंखा. पंख्याला कोण इचारणार."

"मग राग न्हाई आला?"

"आला की. शिबिराच्या आदी आठ दिवस तुमच्या चहात साखर घातली न्हाई मी. तुमाला कळलंबी न्हाई."

मला वाटलं हुतं, नवीन पावडर आलीया.

"आन् शिबिरानंतर?"

"शिबिरानंतर तुमचंच तोंड एवढं उतरलं, की परत घालायला लागले." मग तिनं नंबर घातलेला डबा माज्या हातात दिला. "मामा, एक मागू? पुढच्या शिबिराची जीप मी भरणार."

दुसऱ्या शिबिराला तीच शाळा, तीच पडवी. पिशव्या मी मांडीवर घेऊन बसलो हुतो. ताईनं हेडमास्तरांचा प्रिंटर टेबलावर घेतला, वायर लावली. आन् ती वायर लावताना दिसली तशी समदी माणसं, कुणी न सांगता, भिंतीकडं तोंड करून बसली. मागच्या बारीला शिकवलं हुतं ना मी. त्यांना वाटलं, ही ह्या कामाची रीतच हाय.

ताई म्हणली, "आवं, इकडं बघा. आता तसं न्हाई."

म्हातारा मान न वळवता म्हणला, "नक्की ना? त्यो चष्मेवाला रागवंल."

"रागवत न्हाई," मी म्हणलं. "त्यो चष्मेवाला सुटला नोकरीतनं."

मशीननं काय बी इचारलं न्हाई. जरा गुरगुरली, आन् कागद बाहेर आला. मी आपला हात मागं बांधून उभा. काय करायचं ते कळंना, म्हणून शिक्का धरला. एकेकाचा कागद आला की ताई समजावून सांगायची, मी शिक्का मारायचो. पैले दोन उलटे बसले. तिच्या बापाचा नंबर आला. त्यानं कागद दोन्ही हातांत घेतला, म्हणला, "गरम हाय की. भाकरीगत."

"आता जेवून झाल्यावर वाचायचा, दादा," ताई म्हणली. "आन् त्यात लिहिल्यापेक्षा मूठभरबी जास्ती खत टाकायचं न्हाई."

"पोरगी बापाला हुकूम देती," तो शेजारच्याला म्हणला. असं म्हणला, जसं काय बाकीच्यांना ऐकू जावं म्हणूनच.

चव्वेचाळीस कागद दीड तासात झाले. दुपारी समदी पंगतीला बसलो, तीबी जेवली.

म्हैनाअखेरीला साताऱ्यासनं ऑर्डर आली. मॅनेजरसाहेबांनी मशिनीवर उघडून ताईला बोलावलं. तिनं वाचली, दोनदा वाचली, आन् खुर्चीत बसली. त्याच सकाळी हापिसात यादीतलाच नवा प्रिंटर आला हुता, खोक्यातच हुता. ती म्हणली, "मामा, तुमी जोडा आन् काढा प्रिंट. माज्याच्यानं न्हाई व्हायचं आत्ता."

"मी? मला परवानगी न्हाई ताई. काढून घेतली."

"परवानगी लागतच न्हाई आता. तेच तर केलं आपण."

मी खोकं फोडलं. वायर लावली. क्लार्क म्हणला, "मामा, फिरू का?" मी म्हणलं, बघ की, शिकशील. मशीननं मला काय बी इचारलं न्हाई, शिपाई का मॅनेजर, चौथी का पंधरावी. ताईनं खुर्चीतनंच सांगितलं कुठं दाबायचं, मी दाबलं. कागद आला न्हाई. परत दाबलं. न्हाई आला. मी म्हणलं, लाजतोय नवा हाय म्हणून, आन् दाबत ऱ्हायलो. मग एकदम त्याला जाग आली आन् एकामागं एक ऑर्डरी निघायला लागल्या. मोजल्या तर अकरा.

मॅनेजरसाहेब म्हणले, "अहो, एक माणूस कायम झालंय, अकरा न्हाईत. कागद किती घालवला."

ताईनं अकराच्या अकरा गोळा केल्या, टेबलावर आपटून कडा सारख्या केल्या. म्हणली, "ऱ्हाऊ दे सर. आमची भावकी मोठी हाय."

मग उठली, मशिनीपाशी आली, आन् बारावी तिनं स्वतः काढली.